लव्हाळ्याची ओळख

मराठीच्या वर्गात तुकोबांचा लव्हाळा आम्ही गेली वीस वर्षे शिकवीत आलो आहोत. पुरात टिकून राहणारा, म्हणून नम्रतेचे प्रतीक. तो दिसतो कसा, हे कोणी विचारले नव्हते. आम्हीही स्वतःला विचारले नव्हते. गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीने विचारले. ‘एक प्रकारचे गवत,’ असे आम्ही फळ्याकडे तोंड करून सांगितले. तास संपल्यावर ती हळूच म्हणाली, ‘सर, गवताला पेरं असतात, लव्हाळ्याला नसतात. आम्ही खुरपतो ना, म्हणून ठाऊक.’

ते वाक्य मनात सलत राहिले. सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलो, तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना सोबत घेतले. सुमारे १२०० मीटर उंचीवरचा हा जांभ्या खडकाचा सडा. २०१२ साली पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे जागतिक वारसा यादीत आली, त्यांत कासही आहे. येणारेजाणारे तेरड्याच्या आणि सोनकीच्या ताटव्यांपुढे थांबत होते. आम्ही मात्र वाटेच्या कडेला गुडघे टेकून, गवतच वाटावे अशा एका किरकोळ झुबक्यापाशी बसलो.

तोडायचे नाही, असे ठरले होते. उभ्या काडीलाच चिमटीत धरून फिरवले, तर बोटांना तीन कडा लागल्या. गवताची काडी गोल आणि बहुधा पोकळ, मधे पेरे. ही भरीव, पेऱ्यांवाचून. पाने दोन रांगांत नव्हे, तीन रांगांत. काडीला वेढणारी पानाची नळी गवतात बहुधा उभी चिरलेली असते. येथे ती अखंड होती. एवढ्याने कुळ कळले. पुढे भिंगाचे काम. कणसातले खवले दोन बाजूंना ओळीने लागले असते, तर तो नागरमोथ्याचा सायपेरस. येथे ते मळसूत्रासारखे फिरत गेलेले, म्हणजे फिंब्रिस्टायलिस किंवा त्याचा जवळचा भाऊ बल्बोस्टायलिस. निकाल राईहून बारीक फळाच्या टोकाशी. गळालेल्या फुलाच्या तंतूचे बूड तेथे बटणासारखे उरले, तर बल्बोस्टायलिस. तेही गळून पडले, तर फिंब्रिस्टायलिस. आमच्या फळाचे टोक मोकळे होते.

एका शब्दाची अचूक व्युत्पत्ती सापडावी, तसा आनंद झाला; आणि खजीलही झालो. प्रतिमेचा अर्थ आम्ही सांगत होतो, वस्तू त्या मुलीच्या हातात होती.

परतल्यावर तो अभंग पुन्हा शिकवला. या वेळी आधी तिला बोलू दिले. शेतातला लव्हाळा, म्हणजे नागरमोथा, उपटला तरी मातीत गाठी राहतात आणि चार दिवसांत तो पुन्हा उगवतो, असे तिने सांगितले. ‘तो गरीब नाही सर, चिवट आहे.’ वाकणे आम्ही शिकवले होते. मातीखालची गाठ शिकवायची राहिली होती. अभंगातील लहानपण त्या दिवशी आम्हांला पूर्वीइतके मवाळ वाटले नाही.