हाथरसहून आलेले मराठी पुस्तक

संगीतशिक्षणाच्या पहिल्याच वर्षी आम्ही काफीतली एक चीज पुस्तकावरून बसवली आणि गुरुजींपुढे म्हटली. दोन आवर्तने झाल्यावर त्यांनी हात वर केला. "हा खमाज तुम्हांला कुणी शिकवला?" आमच्यासमोर भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’तल्या पानाची छायाप्रत होती आणि तीत गंधाराखालच्या आडव्या रेघा उमटल्याच नव्हत्या. या लेखनपद्धतीत कोमल स्वर त्याच्याखालच्या रेघेने ओळखायचा. गंधाराची तेवढी रेघ गेली, की काफी थाटाचा खमाज थाट होतो.

ते पान हिंदी होते, हाथरसच्या ‘संगीत कार्यालया’चे. अलीगढजवळचे हाथरस हे हिंगाचे आणि नौटंकीचे गाव. तिथे १९३२ मध्ये प्रभुलाल गर्ग यांनी संगीताच्या पुस्तकांचा हा व्यवसाय थाटला. १९३५ पासून ‘संगीत’ नावाचे मासिकही काढले. हे गर्ग म्हणजेच हिंदी कविसंमेलने हसवून सोडणारे काका हाथरसी. ‘संगीत विशारद’ हे परीक्षार्थींचे आवडते पुस्तक त्यांनी ‘वसंत’ या नावाने लिहिले. हास्यकवीचे शास्त्र कुणी गंभीरपणे घेणार नाही, अशी शंका त्यांना आली असेल काय? हा आमचा तर्कच. पण हिंदी वाचकाला रागदारीचे पुस्तक टपालाने घरपोच मिळू लागले, यात या माणसाचा वाटा मोठा आहे.

मात्र हाथरसने हिंदीत आणलेली ती पुस्तके मुळात मराठी होती. चिजा व्रजभाषेतल्या, पण त्यांभोवतीचे सारे विवेचन मराठी. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी रामपूर, जयपूर येथील घराण्यांकडून चिजा मिळवल्या आणि मुंबईहूनच छापल्या. प्रकाशक म्हणून नाव होते ते त्यांचे शिष्य भा. सी. सुकथनकर यांचे. मालिकेचे अखेरचे दोन भाग भातखंड्यांच्या निधनानंतर निघाले. पुढे लखनौच्या मॅरिस कॉलेजसारख्या (१९२६) संस्थांतून ही पद्धती उत्तरेत रुजली. तिथल्या विद्यार्थ्याला मराठी कुठून येणार? अनुवाद होणे अटळ होते, आणि तो झाला हे चांगलेच झाले.

आमची खंत निराळी आहे. भातखंड्यांनी सूत्रे संस्कृतात रचली, ‘चतुरपंडित’ या टोपणनावाने. पण त्यांवरचा ऊहापोह, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे चार भाग (१९१० ते १९३२), त्यांनी मराठीत लिहिला, आणि तोही गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. शिष्य शंका काढतो, गुरू ग्रंथाचे वचन सांगतो आणि मग तेच वचन आजच्या गाण्याला कसे लागू पडत नाही तेही दाखवतो. प्रमाण कोणते, पोथी की प्रचार, हा वाद इथे शेकडो पाने चालतो. उस्तादांविषयीची काही वाक्ये बोचरी आहेत, क्वचित अन्याय्यही. तरी युक्तिवादाची ही मराठी सावकाश आणि चिवट आहे. कंटाळवाणी म्हणाल तर तीही आहे, पण न्यायालयातल्या उलटतपासणीसारखी. मराठी गद्याच्या ज्या अभ्यासक्रमातून आम्ही शिकलो आणि पुढे जो आम्ही शिकवला, त्यात आगरकर होते, शि. म. परांजपे होते, भातखंड्यांचे नावही नव्हते. संगीतवाल्यांनी त्यांना हाथरसच्या हिंदीतून वाचले, आणि साहित्यवाल्यांनी ते संगीतवाल्यांचे म्हणून सोडून दिले.

पुढे ग्रंथालयातून मूळ मराठी पहिला भाग मिळवून आम्ही त्यातली दोन पाने पदव्युत्तर वर्गात वाचून दाखवली. वर्ग शांतपणे ऐकत होता. वाचन संपल्यावर मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "छान आहे. अनुवाद कुणी केलाय?" आम्ही पुस्तक तिच्या हाती दिले.