पलटणीतला बाजा

कामठी छावणीच्या आसपास ज्यांचं लहानपण गेलं, त्यांच्या घरी गजराचं घड्याळ शोभेलाच असायचं. पहाटेचा बिगूल झाला की उठायचं, संध्याकाळचा झाला की स्टम्प उपटून घरी पळायचं. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर कामठीत. जवानांची कसम परेड जवळ आली की बँडचा सराव आठवडाभर कानावर. आम्ही पोट्टे तारेच्या कुंपणाला नाक लावून उभे, आणि सगळ्यांचे डोळे ड्रम मेजरवर. पांढरे हातमोजे, छातीवरचा रुंद पट्टा, आणि उंच फेकून नेमकी झेलायची ती गदेसारखी काठी! मोठेपणी कोण व्हायचं, याचं उत्तर त्या आठवड्यापुरतं सगळ्यांचं एकच असे. मागच्या रांगेत क्लॅरिनेट फुंकणारा माणूस मात्र कुणालाच व्हायचं नव्हतं.

असा एक माणूस आमच्याच गल्लीत राहायचा. बँडातून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले. सगळे त्यांना काकाजी म्हणत. पहाटे ते ओट्यावर बसून क्लॅरिनेट जोडत. रीड म्हणजे बोरूच्या जातीची पातळ पट्टी. ती कोरडी वाजत नाही. काकाजी ती आधी बराच वेळ तोंडात धरून भिजवत, तोवर कुणी काही विचारलं तर 'हूं' एवढंच उत्तर. मग पट्टी नीट बसवून एकच स्वर, दम संपेपर्यंत. पुन्हा तोच. याला ते लाँग नोट म्हणत. अर्धा तास नुसत्या लाँग नोट. नळावर आलेल्या बायका विचारायच्या, "काकाजी, आज तरी गाणं वाजवणार का?"

शेजारी पेटी शिकवणारे गुरुजी होते. काकाजींनी कागदावरचा 'सी' वाजवला की गुरुजींच्या पेटीवर काळी पाच बोलायची. क्लॅरिनेट बी फ्लॅटची, म्हणजे तिचा लिहिलेला स्वर एक आणि वाजणारा दुसरा. गुरुजी दरवेळी चक्रावत. काकाजी म्हणत, "कागद खोटा बोलते गुरुजी, कान नाई बोलत." त्यांच्या लोखंडी ट्रंकेत पोस्टकार्डाएवढी मार्चची कार्डं होती, कोपरे झिजून गोल झालेली. वाद्यावर एक पितळी चिमटा असतो, त्यात कार्ड खोचायचं आणि चालता चालता वाचायचं. पाय ढोलाच्या हुकमात, डोळा कार्डावर, कान शेजारच्याकडे. उन्हात, जाड वर्दीत, घाम डोळ्यांत उतरत असताना. आम्ही कुंपणापाशी जे बघत होतो ते हे होतं, पण आमचं लक्ष त्या काठीकडे.

काकाजी संगीताच्या ओढीनं फौजेत गेले नव्हते. "मी गाणं शिकाले नाई गेलतो बाप्पा, भाकरीपाई गेलतो," ते सरळ सांगत. घरी कोरडवाहू तुकडा, खाणारी तोंडं फार. मिसरूड फुटायच्या आत भरती झाले. बँडमास्तरानं ओठ बघितले, दात बघितले, बोटं पसरायला लावली आणि हातात क्लॅरिनेट दिली. जाड ओठांचा सोबती ट्यूबाकडे गेला. काकाजींनी तोवर क्लॅरिनेट हा शब्दही ऐकला नव्हता. गावात सनई ऐकलेली, तीही लांबून. भरती होणारा कोरा यायचा आणि फौज त्याला वाजवता करायची. त्या काळच्या फौजी संगीताचं सगळं गणित मला या एका गोष्टीत दिसतं.

हा कारखाना पचमढीला होता, आजही आहे. विदर्भातल्या माणसाला पचमढी म्हणजे महादेवाची यात्रा, नागपंचमीचं नागद्वार, खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणारे भक्त. त्याच डोंगरावर १९५० साली जनरल करिअप्पांच्या पुढाकारानं लष्करी संगीताची शाळा सुरू झाली. नवशिक्या पोरापासून होऊ घातलेल्या बँडमास्तरापर्यंत सगळ्यांचे वर्ग तिथे. गावची मंडळी काकाजींना विचारत, "पचमढीले होते म्हणता, मंग जटाशंकर पाह्यलं असन?" काकाजींनी तिथे पाहिला होता तो मुख्यतः फळा, आणि फळ्यावरच्या स्टाफ नोटेशनच्या पाच रेघा.

स्वातंत्र्यापूर्वी फौजी बँडमास्तरांची पंढरी होती लंडनजवळचा नेलर हॉल. १८५७ साली ती शाळा निघाली. तिच्या जन्माची कथा मजेदार आहे. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीला राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाची परेड होती. सगळ्या पलटणींचे बँड एकदम राष्ट्रगीत वाजवू लागले आणि प्रत्येकाचा सूर वेगळा, मांडणी वेगळी. साहेबाची पार शोभा झाली म्हणतात, आणि मग सगळ्यांना एका सुरात आणायला शाळा काढावी लागली. पचमढीला कौतुकानं पूर्वेकडचा नेलर हॉल म्हणायची पद्धत होती. मूळचा नेलर हॉल २०२१ साली फौजी संगीतानं सोडला. सातपुड्यातली नक्कल चालू आहे, अस्सल इमारत रिकामी झाली. याचा मला थोडा आनंद होतो हे कबूल करायला हरकत नाही.

कोऱ्या पोराला फौज काय करून सोडायची, याचं सगळ्यात मोठं उदाहरण राम सिंग ठाकुरी. धर्मशाळेकडचा मुलगा, कोवळ्या वयात गोरखा पलटणीच्या बँडात भरती झाला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत सापडला, तिथून आझाद हिंद सेनेत गेला आणि 'कदम कदम बढाये जा'ची चाल बांधली. ज्या साम्राज्यानं स्टाफ नोटेशन शिकवलं, त्याच्यावरच चालून जाणाऱ्यांसाठी हा मार्च. इंग्रजांनी तो राजद्रोही ठरवला. आज आपल्याच फौजा त्याच्यावर पाय टाकतात. राम सिंग पुढे उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलिसांच्या बँडात लखनौला राहिले, २००२ साली गेले. काकाजी हा मार्च वाजवताना उभे राहत. बसून वाजवलेला मी ऐकलेला नाही.

सगळेच मात्र कोरे येत नसत. गोव्याचं तंत्र निराळं. पोर्तुगीज काळात तिथे चर्चच्या शाळांतून मुलांना सॉल्फेज आणि व्हायोलिन शिकवत. स्वर वाचता येणं तिथे बाराखडी येण्याइतकं साधं. हीच मुलं मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहांत, उतरायची आणि तिथून जहाजांवर, हॉटेलांत, पोलिसांच्या आणि नौदलाच्या बँडात, पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदात पांगायची. मुंबईत कुलाब्याला आयएनएस कुंजाली या तळावर नौदलाची संगीतशाळा आहे. नौदलाच्या वादकांत गोव्याची नावं इतकी का, याचं उत्तर त्या चर्चच्या शाळांत आहे. आमच्याकडचा शेतकऱ्याचा पोर आणि गोव्याचा हा पोर एकाच रांगेत बसले की पहिली काही वर्षं कुणाचे हाल होत असतील ते सांगायला नको.

बँडवाला लढाईच्या काळात काय करतो, हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडला नाही. आम्हाला वाटे, वाजवत पुढे जात असेल. जुन्या रिवाजाप्रमाणे तो स्ट्रेचर उचलतो. वाद्यं मागे कोठारात जातात आणि वाजवणारे जखमी वाहतात. एकाहत्तरला काकाजींच्या हाती क्लॅरिनेट नव्हती, दोन बांबू आणि मध्ये ताणलेलं कापड होतं. त्याबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच म्हणाले, "वजन नाई वाटे रे, पाय डावा-उजवा बरोबर पडला तं. बँडातली सवय." त्या सवयीवर त्यांनी माणसं वाहून नेली.

पेन्शनीनंतर काकाजींना कामाची ददात नव्हती. तेव्हा लग्नाचा बँड म्हणजे पितळेचा बँड, आणि त्यात फौजेतून आलेल्या माणसाला मान. देशभरच्या ब्रास बँडांचं नातं असंच फौजेशी आहे. मेरठच्या जली कोठीत बँडच्या वाद्यांचा जो बाजार आहे, त्यातली नादिर अली कंपनी फौजी बँडातल्याच माणसानं १८८५ साली सुरू केलेली. नागपूरकडच्या वरातींत काकाजी पुढे, मागे अर्धकच्चे वादक. त्यांना ते गाणं कागदावर लिहून देत. कुणाला ते वाचता यायचं, कुणाला नाही. त्याच काळात शाळांमध्ये बँडचे तास असत आणि तिथेही शिकवायला असाच कुणी पेन्शनर. मग डीजे आला. सहा पेट्या, एक मुलगा आणि एक लॅपटॉप. पंचवीस माणसांच्या भाकरीचं काम एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावलं. काकाजी हयात होते तेव्हा. शेवटची काही वर्षं ते फक्त लाँग नोट वाजवत.

ऐकणारेही तेव्हा वेगळे होते. मोठ्या गावांत बागेत बँडस्टँड असे, ठरल्या संध्याकाळी फौजेचा नाही तर पोलिसांचा बँड वाजे आणि लोक बाकावर बसून फुकट ऐकत. आज बँडस्टँड म्हटलं की मुंबईकराला शाहरुखचा बंगला आठवतो. नौदल आपल्या परीनं परंपरा राखून आहे. नौदल दिनाच्या सुमारास गेटवे ऑफ इंडियासमोर बीटिंग रिट्रीट होते, एनसीपीएच्या सभागृहात नौदलाचा सिंफनिक बँड वाजवतो आणि सभागृह भरतं. पण त्याचा पास मिळवावा लागतो. बागेतल्या बाकाला पास लागत नसे.

आता भरतीची जाहिरात बघा. २०२४ च्या जुलैत हवाई दलानं कानपूर आणि बंगळुरूला वादकांचा मेळावा ठेवला. दहावी पास, अविवाहित, मुलगा किंवा मुलगी. हो, मुलगीसुद्धा, नौदलाच्या वादकभरतीतही तसंच. आमच्या वेळी कुंपणाला नाक लावून उभ्या असलेल्या मुलींना ड्रम मेजर व्हायचंय का, असं कुणी विचारलंही नव्हतं. उमेदवाराला एक वाद्य नीट वाजवता आलं पाहिजे, गाणं पुरं गाता आलं पाहिजे, आपलं वाद्य आपण लावता आलं पाहिजे, आणि समोरच्यानं वाजवलेला अनोळखी स्वर गळ्यातून किंवा वाद्यातून पकडून दाखवता आला पाहिजे. वाद्यांच्या यादीत ओबो, ट्रॉम्बोन आहेत आणि भारतीय शास्त्रीय वाद्यंही आहेत. नोटेशन पाश्चात्त्यच हवं असंही नाही, हिंदुस्थानी पद्धत चालते. पाच रेघांच्या फळ्यासमोर रडकुंडीला आलेल्या काकाजींना हे सांगितलं असतं तर त्यांनी क्लॅरिनेट खाली ठेवली असती.

ओठ-दात बघून वाद्य द्यायचे दिवस गेले. मुलानं तयार होऊन यायचं. आणि तयार होऊन आलेल्यानं थांबायचं किती, तर चार वर्षं. २०२२ च्या अग्निपथ योजनेनंतर भरती होणाऱ्या अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात, बाकीचे एकरकमी निधी घेऊन बाहेर. बंदूक चालवणाऱ्याच्या बाबतीत या योजनेचे गुणदोष जाणकारांनी सांगावेत. वादकाच्या बाबतीत मला एवढंच दिसतं की ओबोसारख्या वाद्यावर सूर बसायलाच चारेक वर्षं जातात. म्हणजे शिकवण्याचा खर्च आता घरच्यांनी आणि गावच्या क्लासनं करायचा. ज्याच्या घरी कोरडवाहू तुकडा आणि खाणारी तोंडं फार, तो आज या रांगेत उभाच राहू शकत नाही. काकाजी आज अठरा वर्षांचे असते तर त्यांना कुणी वाद्य दिलं नसतं.

वाजवायचं काय, तेही बदललं. विजय चौकातल्या बीटिंग रिट्रीटमध्ये वर्षानुवर्षं शेवटाकडे 'अबाइड विथ मी' वाजे. गांधीजींची आवडती प्रार्थना. २०२२ साली ती वगळली आणि 'ऐ मेरे वतन के लोगो' आलं. २०२३ ला तर सगळ्याच धुना भारतीय होत्या. वाद झाला तेव्हा आपल्याकडे फारसं कुणी लक्षात घेतलं नाही की या नव्या धुनेचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे चितळकर. पुणतांब्याची चाल रायसीना टेकडीखाली वाजते याचं अप्रूप मला आहे. तरी जुन्या प्रार्थनेची मला चुटपुट लागते. एक सूर परक्याचा म्हणून काढायचा, तर क्लॅरिनेटही परक्याचीच. काकाजींनी ती प्रार्थना ख्रिस्ती आहे की कसली, याचा विचार कधी केला नसावा. तिच्यात श्वास कुठे घ्यायचा हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसरीकडे, हिंदुस्थानी रागदारी शिकलेल्या मुलामुलींना फौजेचं दार उघडं आहे, हेही खरं. आमच्या ओळखीतली एक मुलगी नागपूरला व्हायोलिन शिकते. विशारदच्या परीक्षा देऊन झाल्यात, आता हवाई दलाच्या पुढच्या मेळाव्यासाठी थांबली आहे. वडिलांचा एकच प्रश्न, चार वर्षांनी काय? तिचं उत्तर असं की बाहेर राहून चार वर्षं वाजवलं तरी पगार कोण देतंय? दोघांचंही बरोबर आहे, त्यामुळे त्या घरात हा विषय संपत नाही. तयारी मात्र सुरू आहे. स्वर ओळखण्यात ती पक्की आहे, अडचण मैदानावर. १.६ किलोमीटर पळायचं, मुलींना आठ मिनिटं. आठ मिनिटांत तिच्या यमनचा आलापसुद्धा पुरा होत नाही.