झाडावर न पिकणारं फळ

मुलांनो, पाडाचा आंबा तुम्ही खाल्ला असेलच. पण झाडावर कधी पिकतच नाही, असंही एक फळ आहे! तयार झालं तरी ते फांदीला कडकच लटकत राहतं. तोडल्यावर मगच मऊ होऊ लागतं. ते म्हणजे ॲव्होकॅडो. ते बघायला चला, आज थेट आफ्रिकेत, केनियाला जाऊ या.

राजधानी नैरोबीहून उत्तरेला निघालं की आधी थिका लागतं. पुढे रस्ता चढू लागतो, माती लालभडक होते. आला मुरांगा! पश्चिमेला ॲबरडेरचे डोंगर, उतारांवर किकुयू लोकांची छोटी छोटी शेतं. एकेकाकडे जमीन जेमतेम एखादा एकर. तेवढ्यातच मका, घेवडा, केळी, कॉफी, एखादी गाय आणि ॲव्होकॅडोची झाडं. स्वाहिली भाषेत त्याला म्हणतात 'पाराचिची'. आहे ना गमतीदार नाव?

1989 नंतर जगाच्या बाजारात कॉफीचे भाव कोसळले. तेव्हा पुष्कळांनी पाराचिचीचा आधार घेतला. गावठी रोपांवर 'हास' जातीची कलमं बांधली. ही जात मूळ अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाचा एक पोस्टमन होता, त्याच्या बागेतल्या एका झाडापासून ती जगभर पसरली. कलमाला तीनेक वर्षांत फळ धरतं. तोडायला लांब काठीला पिशवी लावतात, अगदी आपल्या झेल्यासारखी.

मग अडचण कुठे आहे? जानेवारीत! तिथलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. हायस्कूलची फी, गणवेश, वह्या, सगळा खर्च एकदम येतो. आणि मुख्य हंगाम सुरू व्हायला तर मार्च उजाडतो. अशा वेळी दलाल दारात येतो, रोख पैसे दाखवतो. "कोवळी असली तरी चालतील!" म्हणतो. घरात मूल शाळेसाठी खोळंबलेलं असताना नाही म्हणणं सोपं का आहे?

पण कोवळ्या कैरीचं निदान लोणचं तरी होतं. कोवळ्या पाराचिचीचं काहीच होत नाही. ती पिकत नाही, नुसती सुरकुतते आणि रबरासारखी लागते. मोंबासा बंदरातून जहाजाने आठवडे-आठवडे प्रवास करून ती युरोपात पोचते, गिऱ्हाईक पेटी उघडतं आणि तोंड वाकडं करतं. मग ज्याने धीर धरला, त्याच्या मालाचंही नाव खराब होतं.

म्हणून सरकार अलीकडे वर्षअखेरीस काही काळ निर्यातीसाठी तोडणीच बंद ठेवतं. काही शेतकरी गट करतात, फळं एकत्र जमवतात आणि सगळ्यांचा भाव एकदमच ठरवतात. त्याआधी एक फळ कापून बघतात. बीचं साल पातळ, तपकिरी झालं असेल तरच तोडणी. 2022 मध्ये केनियाची ताजी पाराचिची चीनलाही पोचली.

आपल्याकडे मोठ्या शहरांत आता ॲव्होकॅडो दिसतात. पुढच्या वेळी दिसला की हलकेच दाबून बघा. मऊ लागला, तर समजा, कुठल्या तरी शेतकऱ्याने तो तयार होईपर्यंत वाट पाहिली होती. त्याच्या घरीही तुमच्यासारखंच कुणीतरी शाळेत जाणारं असेल, नाही का?