बॉनेटवरचं तळं

पाऊस नुकताच उघडला होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक काळी गाडी धुऊनपुसून उभी होती आणि तिच्या बॉनेटवर एक पिवळसर चतुर घुटमळत होती. शेपटीचं टोक पत्र्याला टेकवायचं, वीतभर वर उडायचं, जरा पुढे जाऊन पुन्हा टेकवायचं. मादी होती ती. अंडी घालत होती.

तिच्या लेखी ते तळंच होतं. संथ पाण्यावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या लहरी आडव्या, एकाच प्रतलात थरथरतात. आपल्या डोळ्यांना हे उमगत नाही, चतुराच्या डोळ्यांना उमगतं, आणि पाणी ओळखायची त्यांची हीच खूण. चकचकीत गडद रंगावरूनही प्रकाश तसाच परततो. हंगेरीतल्या क्रिश्का आणि होर्वाथ या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये दाखवून दिलं, की काळ्या आणि लाल गाड्या पाणकिड्यांना सर्वांत जास्त भुलवतात. पांढऱ्या त्या मानाने कमी. मला पांढरी गाडी आवडते, त्याला आता हेही एक कारण.

ही अंडी रंगालाही सोडत नाहीत. तापल्या पत्र्यावर त्यांचं कवच कडक होत जातं, तेव्हा त्यातल्या गंधकयुक्त घटकांपासून आम्ल बनतं आणि रंगावरचा पारदर्शक थर खातं. ब्राझीलच्या रसायनशास्त्रज्ञांनी २००० साली ही प्रक्रिया उलगडली. डाग पडतो तो असा. पिल्लू मात्र एकही निघत नाही.

आणि कुणाची ही अंडी! पावसाळ्यात आपल्या माळांवर थव्याने तरंगणारा पिवळसर चतुर म्हणजे पँटाला फ्लॅव्हेसेन्स. जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटर लांबीचा जीव. साचलेल्या डबक्यात त्याची पिढी दीड-दोन महिन्यांत तयार होते, कारण डबकं आटायच्या आत उडायचं असतं. पाऊस संपला की हे चतुर दक्षिणेकडे सरकतात आणि ऑक्टोबरात मालदीवच्या माले बेटावर उतरतात. चार्ल्स अँडरसन हे सागरी जीवशास्त्रज्ञ तिथेच राहत. त्यांना प्रश्न पडला, की प्रवाळाच्या या बेटांवर वाहतं-साचतं गोडं पाणी जवळपास नाहीच, मग दर वर्षी लाखोंनी हे येतात कशाला? वर्षानुवर्षं नोंदी ठेवून २००९ मध्ये त्यांनी उत्तर मांडलं. माले हा नुसता वाटेतला मुक्काम. उंचावरच्या वाऱ्यावर स्वार होऊन हे चतुर समुद्र ओलांडतात, सेशेल्सवरून पूर्व आफ्रिकेत, तिथल्या पावसात पोचतात. पुढच्या पिढ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर परत भारतात. सगळा फेरा चौदा ते अठरा हजार किलोमीटरचा, आणि तो पुरा करायला चारेक पिढ्या लागतात. निघालेला परतत नाही, परततात ती त्याची पतवंडं. त्यांना वाट कुणी दाखवलेली नसते. पाऊस जिथे, तिथे ती जातात. एवढ्या मोठ्या वारीतल्या एका मादीची अंडी आमच्या पार्किंगमध्ये पत्र्यावर वाळावीत, हे मला सोसत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात काळ्या गाडीवर कापडी कव्हर घालावं, असं मी आता शेजाऱ्यांना सांगते.

हायवेवरचे डाग निराळे. आमच्या मामांची फियाट रात्रीची उसाच्या पट्ट्यातून कराडला यायची. सकाळी तिचे दिवे, जाळी, काचेची खालची कड किड्यांनी माखलेली असायची. आम्ही मुलं नारळाची शेंडी घेऊन धावलो की मामा म्हणत, ‘‘घासू नका रे, आधी भिजू दे.’’ जुन्या धोतराचे तुकडे ओले करून ते बॉनेटवर अंथरत, वाळायला लागले की पुन्हा पाणी शिंपडत. मग धोतर उचलायचं. त्याला चिकटून आलेली पतंगांच्या पंखांची रुपेरी पूड, एखादा सुटा पाय, हिरवट भुंगेऱ्याची अख्खी पाठ. मी ते धोतर उन्हात धरून बघत राहायची.

आज धोतराऐवजी मायक्रोफायबर आणि भांड्यांच्या साबणाऐवजी गाडीचा शाम्पू, एवढाच फरक. किड्याच्या अंगातली प्रथिनं उन्हात शिजून घट्ट बसतात, त्यांना पाणी पिऊ द्यावं लागतं. कोरडं फडकं मारलं की पंखांचे कडक तुकडे आणि धूळ मिळून रंगावर चरे ओढतात. रॉकेलचा बोळा तर नकोच. गाडी सावलीत, पत्रा गार, दहा-पंधरा मिनिटं ओलं कापड, मग अलगद पुसणं आणि शेवटी मेणाचा हात.

पण हल्ली पुसायला असतंच काय? ब्रिटनमध्ये २००४ साली पक्षिसंरक्षकांनी चालकांना नंबरप्लेटवर चिकटवायला एक पट्टी देऊन तिच्यावर आपटलेले किडे मोजायला लावले होते. २०२१ मध्ये पुन्हा तशी मोजणी झाली, तेव्हा आकडा निम्म्याहून खाली आला होता. जर्मनीतल्या अभयारण्यांत उडत्या कीटकांचं एकूण वजन २७ वर्षांत तीन चतुर्थांशाने घटलं, हे २०१७ मध्ये छापून आलं.

एसटीच्या रातराण्या चालवून निवृत्त झालेले चालक गावोगाव आहेत. कुठल्या महिन्यात, कुठल्या घाटाखाली काच पुसायला गाडी थांबवावी लागे आणि ते थांबणं कधीपासून बंद झालं, हे त्यांना बसून विचारायला हवं. कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावं. वह्या-पेन्सिली मी देते.