गारा सगळ्यांवर पडतात, पंचनामा काहींचाच होतो

मार्च महिना होता. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर चार शब्द बोलावेत म्हणून आम्ही पाच-सहा कार्यकर्ते सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो होतो. दुपारी अंग भाजत होतं. चारच्या सुमारास आभाळ काळं झालं आणि पत्र्यांवर दगडफेक व्हावी तसा आवाज सुरू झाला. पंधरा-वीस मिनिटांत अंगण, बांध, वाट सगळं पांढरं!

खोटं कशाला बोलू? आम्हीही मोबाईल काढले. आमच्यातल्या एकाने "सुरगाण्याचं काश्मीर झालं" असं लिहून फोटो टाकलासुद्धा. शेजारची आजी एवढंच म्हणाली, "बाबा, हा बर्फ नाही, गारा हायेत. कैऱ्या गेल्या." आमची मान खाली गेली.

आजीचं बरोबर होतं. हिम पडायला जमिनीलगतची हवाही थंड लागते. गारांना तशी गरज नसते. तापलेल्या जमिनीवरून बाष्प घेऊन हवा वेगाने वर चढते, ढगात पाण्याचे थेंब गोठतात, थरावर थर चढून जड होतात आणि खाली कोसळतात. म्हणून आपल्याकडे गारपीट ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी होते. काश्मीरचं हिम पर्यटक आणतं, सुरगाण्याची गार तोंडचा घास नेते.

मित्रांनो, खरा प्रश्न पुढे आहे. गारपीट ही सरकारच्या यादीतली आपत्ती आहे. तेहतीस टक्के किंवा त्याहून जास्त पीक गेलं तर मदत मिळते. पण मदत पंचनाम्यावर आणि पंचनामा कागदावर. त्या घराने स्ट्रॉबेरी लावलेली जमीन वनजमीन होती. वनहक्क कायदा 2006 चा. दावा दाखल केलेला, निकाल नाही. मग सातबारा कुठला आणि नाव कुठलं? 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत रक्ताळलेल्या पायांनी चाललेल्यांची एक मुख्य मागणी हीच होती.

दुसरी गोष्ट मजुरांची. इथली माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात. तिकडे बाग झोडपली तर बागायतदाराचा पंचनामा होतो, तो व्हायलाच हवा. पण ज्या मजुराचा महिनाभराचा रोज बुडाला, त्याचा रकाना कोणत्या अर्जात आहे?

बाबासाहेबांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि 10 जानेवारी 1938 ला शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. प्रश्न तेव्हाही हाच होता: राबणारा एक आणि कागदावर दुसरा. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांचं होतं, हक्क मात्र काहींचाच होता. आभाळातून पडणाऱ्या पाण्याचंही आज तेच चाललंय.

त्या संध्याकाळी भाषण झालं नाही. फोटो काढून टाकला आणि कंदिलाच्या उजेडात घरोघरी दाव्यांचे कागद तपासत बसलो. कुणाची पावती नव्हती, कुणाच्या नकाशावर सही नव्हती. आमची विनंती एवढीच: पुढच्या वेळी गारा पडल्या तर फोटो जरूर काढा, पण तो झोडपलेल्या शेताचा काढा, तारखेसह. पुरावा म्हणून कामाला येईल.

जय भीम!