पंचवीस मिनिटांचा प्रश्न

धावायला वेळ मिळत नाही, ही तक्रार खोटी नसते. तिच्यामागचा हिशोब मात्र बहुधा चुकलेला असतो. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, २०१२पासून साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात अर्धमॅरेथॉन रंगू लागली आणि धावणं म्हटलं की पहाटे चारचा गजर, रविवारचे वीस किलोमीटर, महागडे बूट नि गळ्यातलं पदक डोळ्यांपुढे यायला लागलं. बदलापूरहून सकाळची लोकल पकडणाऱ्याला हे परवडणार नाही, हे उघडच आहे. पण हे माप शर्यतीचं झालं, तब्येतीचं नव्हे. जागतिक आरोग्य संघटना २०२०च्या शिफारशींत प्रौढांकडून आठवड्याला किमान ७५ मिनिटांचा दमवणारा व्यायाम मागते. म्हणजे पंचवीस मिनिटं, तीनदा. अमेरिकेतल्या सुमारे ५५ हजार प्रौढांची सरासरी पंधरा वर्षं पाहणी करून २०१४मध्ये जे निष्कर्ष आले, ते तर याहून उदार आहेत. आठवड्याला ५१ मिनिटांहूनही कमी धावणाऱ्यांत न धावणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि त्यांच्या कितीतरी पट धावणाऱ्यांना त्यापुढे फारसा जादा लाभ दिसला नाही. धावणारे मुळातच धडधाकट असतील, ही शंका रास्त आहे. अशा पाहणीतून कार्यकारण पुरतं सिद्ध होत नाही. तरी ‘तासभर जमत नसेल तर काय उपयोग’ या समजुतीला तिथे काहीच आधार सापडत नाही, एवढं नक्की.

थोडंसं रेटायचं तर सवय लागते, आणि ‘एकवीस दिवसांत सवय’ ही निव्वळ ऐकीव गोष्ट. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय मुरायला मध्यकानुसार ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला अडीचशेच्या आसपास. मधला एखादा दिवस हुकल्यानं फारसं बिघडलं नाही. खाडा झाला की सगळंच सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. वार आणि वेळ ठरलेली असावी, बूट रात्रीच दाराशी काढलेले असावेत, म्हणजे सकाळी स्वतःशी वाद घालायला जागा उरत नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे. ही पंचवीस मिनिटं निघतात कुणाची? सकाळी सहाला नळाला पाणी येतं, एका शेगडीवर कुकर, दुसरीवर तवा, ओट्यावर दोन डबे उघडे, आणि शाळेची रिक्षा दारात उभी. अशा बाईला शिस्तीचे धडे देणं हा शुद्ध उद्धटपणा. तिची सकाळ वाया जात नाही, ती घरातल्या सगळ्यांत वाटली जाते. मोकळा रस्ता, उजेड, निर्धास्तपणा हे प्रश्न त्यानंतरचे, आणि तेही तिलाच जास्त नडतात. तेव्हा नियमित धावणाऱ्या गृहस्थांनी सोमवार, बुधवार, शुक्रवार स्वयंपाकघर सांभाळावं आणि तिला बाहेर पडू द्यावं. पोळ्या येत नसतील, तर शिकून घ्याव्यात.