मौत का कुआ आणि प्रकाश

दोन दिवस सुट्टी टाकून सटाण्याला ताईकडे जाऊन आलो. देवमामलेदारांची यात्रा चालू होती. भाच्याला (आठवीत आहे) घेऊन मौत का कुआ बघितला, जिलबी हाणली, घरी येतो तर लाईट गेलेली. मग गच्चीवर सतरंजी टाकून पडलो.

"मामा, त्या मोटारसायकलसारखा प्रकाश गोल फिरू शकतो? एखाद्या खूप जड वस्तूभोवती?"

"छे! प्रकाशाला वजन असतं का? तो सरळच जाणार."

"पण सूर्याजवळून जाताना तो वळतो ना? मग वळत वळत पूर्ण गोल का नाही होणार?"

"झोप आता."

ऑफिसात कोणी असं विचारलं असतं तर "बघून सांगतो" म्हणून दोन दिवस मागितले असते. इथे पोराला गप्प केलं. एसटीत पुण्यापर्यंत तेच डोक्यात.

घरी येऊन पुस्तकं काढली. पोरगं बरोबर होतं! १९१९ च्या ग्रहणात सूर्याजवळ प्रकाश वळलेला मोजला गेला होता. वळण किती, तर अंशाचा जेमतेम दोन हजारावा भाग. म्हणजे नुसतं वजन पुरत नाही, ते अगदी छोट्या जागेत कोंबावं लागतं. सगळा सूर्य ४.४ किलोमीटर त्रिज्येच्या आत दाबला, तर बरोब्बर तेवढ्या अंतरावर प्रकाश त्याच्याभोवती फिरू शकतो. पृथ्वीसाठी हाच आकडा १३ मिलिमीटर. म्हणजे अख्खी पृथ्वी, सटाण्यासकट, एका बोरात.

तर फिरू शकतो. टिकत मात्र नाही. मौत का कुआमधला माणूस वेग कमी-जास्त करून सावरतो, प्रकाशाला ती सोय नाही. बांधाच्या माथ्यावर ठेवलेल्या गोटीसारखं आहे हे: जरा आत सरकला की कृष्णविवरात, जरा बाहेर की कायमचा पसार. स्वतःभोवती न फिरणाऱ्या कृष्णविवराचं गणित केलं तर दर फेरीला चूक सुमारे ५३५ पट वाढते. केसाएवढी चूक तीन फेऱ्यांत पंधरा किलोमीटर! (असा बग मी प्रॉडक्शनमध्येही पाहिलेला नाही.)

'कृष्णविवर' हा शब्द मला पहिल्यांदा भेटला नारळीकरांच्या त्याच नावाच्या कथेत. १९७४ साली टोपणनावाने स्पर्धेला पाठवून त्यांनी तिला बक्षीस मिळवलं होतं. तेव्हा कृष्णविवराचा फोटो निघेल असं कोणाला वाटलं असेल? १० एप्रिल २०१९ ला एम-८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा तो प्रसिद्ध फोटो आला. साडेसहा अब्ज सूर्यांएवढं वजन, तिथली एक फेरी आपल्या घड्याळाने साधारण बारा दिवसांची. त्या नारिंगी कड्यात असा फेरी मारून निसटलेला थोडासा प्रकाशही आहे.

रविवारी भाच्याला फोन केला. आधी "माझं चुकलं होतं" म्हणालो, मग हे सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता.

"मामा, मग तिथे उभं राहून समोर बघितलं तर आपलीच पाठ दिसेल?"

या वेळी म्हटलं, थांब, कागद घेतो.

दिसेल.